दूध-पोळीचा हिशेब

दहा किलो वजनाचा, मध्यम चणीचा, नसबंदी झालेला एक प्रौढ कुत्रा घेऊ. सकाळ-संध्याकाळ फेरी मारणारा आणि उरलेला दिवस दाराशी पहुडणारा. त्याला दिवसाला साधारण 630 किलोकॅलरी लागतात. आपल्याकडच्या असंख्य घरांत त्याच्या वाट्याला दूध-पोळी येते. पाच मध्यम पोळ्या म्हणजे सुमारे 150 ग्रॅम कणीक, आणि त्यावर 200 मिलिलिटर गाईचं दूध एवढं धरलं, तर कॅलरींचा हिशेब जवळजवळ चोख जुळतो. कुत्र्याचं पोट भरतं, तो समाधानाने अंग टाकतो. घरच्यांना वाटतं, झालं की याचं सगळं.

पण त्याच भांड्यात बाकी काय आहे? अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या ‘आफ्को’ या संस्थेच्या हिशेबाने या कुत्र्याला रोज साधारण 28 ग्रॅम प्रथिनं हवीत. दूध-पोळीतून 22 ग्रॅमच्या आसपास मिळतात, आणि त्यांतली बरीचशी गव्हाची, म्हणजे लायसिन या अमिनो आम्लाने तोकडी. कॅल्शियम हवं 800 मिलिग्रॅमच्या आसपास, मिळतं 300 च्या आत. जस्त हवं बारा-तेरा मिलिग्रॅम, मिळतं पाच. त्या पाचातलंही पूर्ण अंगी लागत नाही, कारण कणकेतल्या कोंड्यात फायटेट असतं आणि ते जस्ताला आतड्यात धरून ठेवतं. ‘ड’ जीवनसत्त्व तर नाहीच. माणसाची त्वचा उन्हात ते तयार करते. कुत्र्याच्या त्वचेला ते पुरेसं जमत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं.

यातलं काहीच आठवड्याभरात दिसत नाही. काही महिन्यांनी केसांची चमक जाते, नाकाशी, डोळ्यांभोवती किंवा पंजांच्या गाद्यांवर खपल्या धरतात, खाज सुटते. मग शाम्पू बदलले जातात, तेल लावलं जातं. जेवणाच्या भांड्याकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी.

दूध-पोळी हे विष नाही, हेही इथेच सांगायला हवं. ‘कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य चालतच नाही’ असं ठासून सांगणारे लोक अलीकडे वाढलेत. त्यांचं म्हणणं खरं नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचवणारं अमायलेज हे विकर ज्या जनुकामुळे स्वादुपिंडात तयार होतं, त्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, खळ्यापाशी आणि चुलीपाशी कुत्रा त्याच्यासोबत राहिला, आणि भाकरी पचवायला शिकला. त्यामुळे शिजवलेला भात, पोळी, भाकरी, नाचणी हे सगळं त्याला पचतं. फक्त तेवढ्यावर त्याचं शरीर चालत नाही.

पिल्लांच्या बाबतीत मात्र हा हिशेब नुसता चुकत नाही, तो पिल्लू अधू करतो.

चार किलो वजनाच्या, तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला जवळजवळ 600 किलोकॅलरी लागतात, म्हणजे वर सांगितलेल्या दहा किलोच्या मोठ्या कुत्र्याइतक्याच. कॅल्शियम लागतं 1.8 ग्रॅम, म्हणजे त्या मोठ्या कुत्र्याच्या दुपटीहून अधिक. एवढ्याशा पोटात एवढं सगळं घालायचं, म्हणून जेवण दिवसातून तीन-चार वेळा आणि दर घासात सत्त्व जास्त. ‘पिल्लू आहे, दुधावर ठेवा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. पण कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश हे दोन्ही गाईच्या दुधाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतात. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर वाढवणं म्हणजे त्याला अर्धपोटी ठेवणं आहे. त्यातून जुलाब लागले तर तेही निघून जातं.

दुसऱ्या टोकाला असतात प्रेमाने रोज चिकन-भात घालणारे. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. प्रमाण साधारण एकास पंधरा ते वीस. पिल्लाला हवं असतं एकास एकच्या वर कॅल्शियम. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथी जागतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडतात. हृदय आणि स्नायू चालत राहतात, पण हाडं पोकळ होत जातात. पुढचे पाय बाकदार होतात, पंजे पसरतात, पिल्लू खेळायचं टाळतं, आणि एक दिवस सोफ्यावरून उडी मारताना मांडीचं हाड मोडतं. घरचे शपथेवर सांगतात की याला आम्ही रोज पावशेर चिकन देत होतो. ते खरंच देत होते. म्हणून तर हे ऐकताना जास्त वाईट वाटतं.

आणि यावर उपाय म्हणून जी कॅल्शियमची बाटली आणली जाते, तिच्यातही धोका आहे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींची पिल्लं पहिल्या काही महिन्यांत आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम नीट अडवू शकत नाहीत. जेवढं येईल त्यातलं बरंचसं शरीरात शिरतं. पिल्लांचं पूर्ण खाद्य चालू असताना वरून सिरप ओतलं, तर हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. या जातींसाठी ‘मोठ्या जातीची पिल्लं’ असा स्पष्ट उल्लेख असलेलं खाद्य घ्यावं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कॅल्शियमला हात लावू नये. पिल्लू विकणाऱ्याने सोबत बाटली दिली, तरीही.

आता मोठा प्रश्न, घरचं की पाकिटातलं? यावर माझं मत स्पष्ट आहे. पिल्लाला, गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीला, आणि ज्या घरात रोज तोलून-मापून शिजवायला माणूस नाही अशा घरातल्या कुत्र्याला चांगलं, ‘संपूर्ण आणि संतुलित’ असं लिहिलेलं तयार खाद्य द्यावं. पाकिटावर ते शब्द आहेत का आणि ते कोणत्या वयासाठी आहेत, हे आधी वाचावं. ‘पूरक’ किंवा ‘ट्रीट’ असं लिहिलेलं खाद्य रोजचं जेवण होऊ शकत नाही. चित्रातल्या रसरशीत मांसाच्या तुकड्यांवर तर अजिबात जाऊ नये.

टक्केवारीतही फसगत होते. ग्रेव्हीच्या पाऊचवर प्रथिनं 8 टक्के आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर 22 टक्के असतात, तेव्हा दाणे सरस वाटतात. पण पाऊचमध्ये 80 टक्के पाणी असतं. पाणी वगळून पाहिलं तर पाऊचमध्ये प्रथिनं 40 टक्के आणि दाण्यांत 24-25 टक्के निघतात. म्हणजे दोन पाकिटांची तुलना करताना आधी पाणी वजा करायचं. कोरड्या दाण्यांच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 380 किलोकॅलरी असतात, म्हणून आपल्या दहा किलोच्या कुत्र्याला 170-180 ग्रॅम दाणे दिवसभराला पुरतात. वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावेत, कारण वाटी रोज थोडी थोडी वर चढत जाते.

दुकानात पोत्यातून सुटं मिळणारं खाद्य घेऊ नये. उघड्या पोत्यातल्या दाण्यांची चरबी आपल्या हवेत लवकर खवट होते, आणि पावसाळ्यात दमट धान्यावर बुरशी धरली तर तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतं. कुत्रा या विषाला फार नाजूक असतो. घरीसुद्धा मोठी पिशवी उघडल्यावर ती मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

‘धान्यविरहित’ खाद्याचा सध्या बोलबाला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये अशा खाद्यांचा, विशेषतः वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या खाद्यांचा, हृदय पसरट होण्याच्या आजाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण धान्य काढून टाकल्याने निरोगी कुत्र्याचा काही फायदा होतो, हेही सिद्ध झालेलं नाही. जादा पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही.

घरी शिजवणाऱ्यांना मी नाउमेद करणार नाही. निरोगी प्रौढ कुत्रा घरच्या जेवणावर उत्तम राहू शकतो, पण ते जेवण मुद्दाम त्याच्यासाठी बेतलेलं हवं. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला 150 ग्रॅम बिनहाडाचं चिकन, 80 ग्रॅम तांदूळ, एक अंडं, मूठभर लाल भोपळा, गाजर किंवा दुधी, आणि दोन चहाचे चमचे तेल, असं बिनफोडणीचं शिजवलं की कॅलरी आणि प्रथिनं पुरी होतात. कॅल्शियम मात्र जवळपास नसतंच. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळली, तर त्यातल्या सुमारे दोन ग्रॅम पुडीतून 750 ते 800 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तरीही जस्त, तांबं, आयोडीन, ‘ड’ आणि ‘ई’ जीवनसत्त्व उरतंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 मध्ये पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्या पाककृतींपैकी बऱ्याच पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून घरचं जेवण आणि डॉक्टरांनी वजन पाहून ठरवून दिलेलं खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण, ही जोडी तोडू नये.

शाकाहारी घरांचं काय? हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे, आणि त्याला टोमणे मारून उत्तर देणं चुकीचं आहे. मांजर शाकाहारावर जगू शकत नाही. टॉरिनसारखे काही घटक तिला प्राण्यांच्या मांसातूनच मिळावे लागतात. कुत्रा ते स्वतःच्या शरीरात तयार करू शकतो, पण त्यासाठी त्याला गंधकयुक्त अमिनो आम्लं पुरेशी मिळाली पाहिजेत. घरात अंडं चालत असेल तर अर्धं काम झालं. अंडं, पनीर, दही आणि सोयाबीनचे चंक्स यांवर प्रथिनं बसवता येतात. दही दुधापेक्षा बरं, कारण बहुतेक प्रौढ कुत्र्यांना दुधातली लॅक्टोज साखर पुरती पचत नाही आणि विरजताना ती थोडी कमी होते. अंडं-दूधही चालत नसेल तर घरी प्रयोग न करता शाकाहारी पण संपूर्ण असं तयार खाद्य द्यावं. नुसत्या दहीभातावर ठेवलेला कुत्रा मात्र हळूहळू स्नायू गमावतो; तो लठ्ठ दिसतो तेव्हाही.

श्रावण लागला की अनेक घरांत कुत्र्याचं चिकन एका दिवसात बंद होतं आणि भाद्रपदात गणपती गेले की एका दिवसात सुरू. दोन्ही वेळा पोट बिघडतं. कुठलाही बदल सात ते दहा दिवसांत, जुनं थोडं कमी आणि नवं थोडं जास्त असा करायचा. ज्यांच्याकडे श्रावण पाळतात त्यांनी वर्षभर तयार दाण्यांवरच भर ठेवला, तर महिना बदलला तरी कुत्र्याच्या ताटात काही बदलत नाही.

कच्च्या मांसाबद्दल मी कडक आहे. ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी नव्वदच्या दशकात कच्च्या मांस-हाडांच्या आहाराची कल्पना लोकप्रिय केली आणि ती आता पुण्या-मुंबईतही पोचली आहे. आपल्या हवेत, उघड्यावर टांगलेल्या मांसात साल्मोनेलासारखे जिवाणू किती वेगाने वाढतात ते वेगळं सांगायला नको. त्याहून मोठा धोका आहे हायडॅटिडचा. शेळ्या-मेंढ्या, म्हशी यांच्या यकृतात आणि फुप्फुसांत एकिनोकॉकस या फीतकृमीच्या पाण्याने भरलेल्या गाठी असतात. खाटकाकडचं टाकाऊ यकृत, फुप्फुस कुत्र्याने कच्चं खाल्लं की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. कुत्र्याला काहीच होत नाही, पण त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या पोटात जाऊन वर्षानुवर्षं यकृतात गाठ वाढवत राहतात. वजडी असो, काळीज असो, ते पूर्ण शिजवूनच द्यायचं आणि जंतनाशक चुकवायचं नाही. काळीज तर शिजवलेलंही आठवड्यातून एखाद वेळ, थोडंसंच. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं. शिजलेली हाडं देऊ नयेत. ती टोकदार फुटतात आणि घसा किंवा आतडं फाडतात.

काय द्यायचं याच्याइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा प्रश्न किती द्यायचं हा आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना आयुष्यभर सांभाळलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाद्य, बाकी सगळं सारखं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं, जोडीदारांचं 11.2. सांधे दुखायला लागले तेही उशिरा. जवळजवळ दोन वर्षं! कुठलंही टॉनिक एवढं आयुष्य देत नाही.

आणि लॅब्राडोर सतत मागतोच, हे त्याच्या मालकांना सांगायला नको. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांना 2016 मध्ये आढळलं की सुमारे पाव लॅब्राडोरांत ‘पोमक’ या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की हे कुत्रे स्वस्थ बसलेले असताना कॅलरीही सुमारे 25 टक्के कमी जाळतात. त्यामुळे त्याच्या डोळ्यांतली भूक खरी असते, पण गरज खरी असेलच असं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दिवसातून दोनदा वीस मिनिटं खाली जाणाऱ्या लॅब्राडोरला शेतावर धावणाऱ्याचं जेवण घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नसबंदीनंतर तर गरज आणखी घटते. भांडं त्याच आठवड्यापासून कमी करायला हवं.

प्रमाण बरोबर आहे का, हे हाताला कळतं. बरगड्यांवरून तळवा फिरवावा; दाब न देता बरगड्या लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर दिसावी, बाजूने पाहिलं तर पोट मागे वर चढलेलं असावं. कारवानी आणि पश्मी ही आपली शिकारी कुत्री याला अपवाद. त्यांच्या शेवटच्या बरगड्या निरोगी असतानाही नजरेला दिसतात. सोलापूर-लातूरकडचा धावणारा कारवानी शहरात आला की ‘किती वाळलाय’ म्हणून लोक त्याला खाऊ घालून गोल करतात, आणि धावण्यासाठी घडलेले त्याचे पाय ते वजन वाहत बसतात.

वरखर्च दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावा. आपल्या दहा किलोच्या कुत्र्यासाठी म्हणजे 63 किलोकॅलरी. एका साध्या ग्लुकोज बिस्किटात साधारण 25 असतात. आजोबांच्या चहाबरोबरची दोन आणि नातवाच्या हातचं एक, एवढ्यातच मर्यादा ओलांडली. काकडीचे, गाजराचे तुकडे द्या. कुत्र्याला घासाच्या आकारापेक्षा देणाऱ्याचा हात जास्त आवडतो. घरात कोणी काय दिलं ते फ्रिजवरच्या कागदावर लिहिण्याची सवय लावली, तर निम्मा लठ्ठपणा तिथेच थांबतो.

सणांच्या दिवसांत मात्र थोडंसंही जिवावर बेतू शकतं. आपण द्राक्षांचा प्रदेश आहोत, तासगावचे बेदाणे घराघरांत असतात, आणि प्रसादाच्या शिऱ्यात, पंचखाद्यात, चिवड्यात ते पडतातच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर चालतील याचं सुरक्षित प्रमाण नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं असं अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञांना अलीकडे दिसून आलं. ते चिंचेतही भरपूर असतं आणि चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांची नोंदही झाली आहे. तेव्हा चिंच-गुळाच्या आमटीत कालवलेला भात नको. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने त्यातलं विष जात नाही, आणि रोज थोडं थोडं खाल्लं तरी ते साचत जातं. म्हणून मटणाच्या रश्शात कुस्करलेली भाकरीही नको. चॉकलेट नको, गडद तर मुळीच नको. ‘शुगर-फ्री’ च्युइंगम आणि मिठाईत झायलिटॉल असेल तर अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळते. तुपकट, तळलेलं, मटणाची चरबी यांनी स्वादुपिंडाला सूज येते. दिवाळीनंतर उलट्या आणि पोटदुखीने आलेले कुत्रे डॉक्टरांना नेहमीचे झालेत. असं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट पाहू नये, आणि मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नये. त्या मिठानेही कुत्रा दगावू शकतो. काय आणि किती खाल्लं ते सांगून तडक दवाखाना गाठावा.

म्हाताऱ्या कुत्र्याची प्रथिनं कमी करावीत हा समज मात्र सोडायला हवा. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर उतारवयात स्नायू टिकवायला चांगली प्रथिनं जास्तच लागतात. आजार निघाला तर फॉस्फरस कमी असलेला आहार डॉक्टर सांगतील. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्यावी, म्हणजे अंदाजावर जेवण ठरवावं लागत नाही.

मुंबईत परळला, तसंच नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथे शासकीय पशुवैद्यकीय संस्था आहेत आणि त्यांच्या दवाखान्यांत आहाराबद्दल विचारता येतं. पुढच्या लसीकरणाच्या वेळी कुत्र्याचं वजन करून घ्या, तो दिवसभरात जे जे खातो त्याची बिस्किटांसकट यादी सोबत न्या, आणि डॉक्टरांना विचारा की यात काय कमी पडतंय आणि काय जास्त होतंय.